रॉकेटचं नाक बसायला लागलेला महिना

मिलिंदतात्या कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी एखाद्या सांध्यावरून नख फिरवतात. दाराची चौकट, फ्रिजचं दार, डब्याचं झाकण, काहीही चालतं. नख अलगद सरकलं तर मान हलवून बसतात. मधे कुठं खटकलं तर "नख अडतंय" एवढंच म्हणतात आणि चहा संपेपर्यंत त्या सांध्याकडेच बघत राहतात. आमच्या कॉलनीतल्या एका साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या नव्या कोऱ्या गाडीच्या दारावरून नख फिरवलं आणि सगळ्यांदेखत हाच निकाल दिला. मुलाकडची मंडळी जेवण होईपर्यंत फुगून होती.

तात्या आमच्या शेजारचे. भवानीनगरला साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये टर्नर म्हणून निवृत्त झाले. लेक नागपूरला नांदते, काकूंना जाऊन चार वर्षं झाली. बाहेरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, तिच्या शेजारी काकूंचा फोटो, आणि मागच्या पडवीत एक छोटा लेथ, जो त्यांनी भंगारातून आणून स्वतः उभा केला. त्यांच्या हिशेबी जगात तीनच प्रकारची माणसं असतात. घट्ट, ढिली आणि बसलेली. आमच्या शाळेच्या हेडबाई घट्ट. सरपंच ढिले. एकदा मी विचारलं, "आणि मी हो, तात्या?" त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "तुमी अजून मशीनवरच हाय, बाई."

खरंही होतं ते. मी बारामतीला एका शाळेत विज्ञान शिकवते. सकाळची एसटी, सात तास, परतीची एसटी, मग घरचा स्वयंपाक आणि तपासायच्या वह्या. त्यात हेडबाईंनी ठरवलं की यंदाच्या विज्ञान प्रदर्शनात रॉकेट उडवायचं. पुण्याहून संच मागवला, तो आला, पण त्यातलं प्लॅस्टिकचं नाक, म्हणजे टोकाचा शंकू, वाटेतच चिरडलं होतं. प्रदर्शनाला महिना होता. मी तो चुराडा पिशवीत घालून तात्यांकडे गेले.

तात्यांनी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं नाक तासाभरात लेथवर उतरवून दिलं. मला वाटलं, काम झालं.

"काम आता सुरू झालं," तात्या म्हणाले. त्यांनी पुठ्ठ्याची नळी हातात घेतली आणि मला समजावलं. रॉकेट वर गेलं की आतल्या दारूचा एक छोटा बार होतो, तो नाक बाहेर ढकलतो आणि पाठोपाठ छत्री उघडते. नाक ढिलं असेल तर आधीच पडेल. घट्ट असेल तर निघणारच नाही, आणि मग रॉकेट पहारीसारखं सरळ खाली येईल. शिवाय नाक आणि नळी जिथं भेटतात तिथं उंचवटा नको, वारा अडतो.

"डोळ्याचं ऐकू नका. डोळा लबाड असतोय. नखाला इचारा."

तेव्हापासून रोज शाळेतून आल्यावर, चपला काढायच्या आधी, मला तात्यांच्या पडवीत जावं लागायचं. मी सांध्यावरून नख फिरवायची. कुठंतरी केसाएवढं खटकायचंच.

"अडतंय," मी म्हणायची.

"मला वाटलंच," तात्या म्हणायचे. मग लांबीचा, म्हणजे फटी बुजवायच्या लुकणाचा, पातळ लेप, तो वाळवणं, वर पॉलिश पेपरनं घासणं, हे सगळं पुन्हा. तेवढ्यात चहा व्हायचा. तात्या वर्कशॉपमधल्या गोष्टी सांगायचे, काकूंना शिंगाडे कसे आवडायचे ते सांगायचे, आणि मी भिंतीला टेकून अर्धवट झोपेत हं हं करायची. एकदा मी वैतागून म्हणाले, "तात्या, एवढ्याशा फरकानं काय होतंय?"

"घाई हाय का?" त्यांनी विचारलं. घाई होतीच. पण तसं म्हणायलाही अंगात बळ नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी शेवटी माझं नख कुठंच अडलं नाही.

प्रदर्शनाच्या सकाळी मी आणि तात्या रॉकेट मांडीवर घेऊन एसटीनं बारामतीला आलो. मैदानावर मुलं रांगेत उभी. पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले एक साहेब खुर्चीवर बसलेले. तात्यांनी रॉकेट उभं करायच्या आधी नाक उपसून बघितलं. ते निघेना. पुन्हा ओढलं. तरी निघेना.

"थांबा," ते म्हणाले. "घट्ट झालंय."

हेडबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तात्या, वर जाणं महत्त्वाचं. खाली कसं का येईना."

"खाली पोरं हायत," तात्या म्हणाले.

मग त्यांनी कसंबसं नाक पिळून काढलं, खिशातून पॉलिश पेपर काढला आणि मैदानाच्या मधोमध मांडी घालून घासायला बसले. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. हेडबाई माझ्याकडे बघत होत्या, मी जमिनीकडे. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं, इंदापूरला दुसरा कार्यक्रम आहे म्हणाले आणि निघून गेले. निम्मे वर्ग परत पाठवावे लागले. तात्यांनी मान वर केली नाही. पाऊण तासानं त्यांनी नाक बसवलं, उपसलं, पुन्हा बसवलं आणि मला खूण केली.

रॉकेट सुर्रकन वर गेलं. टोकाशी फट्‍ झालं, नाक सुटलं, लाल छत्री उघडली आणि सगळं डुलत डुलत खाली आलं. उरलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. हेडबाईंनी मला सोमवारी केबिनमध्ये भेटायला सांगितलं.

परतीच्या एसटीत तात्यांना खिडकी मिळाली. मी इतकी दमले होते की रागही नीट येत नव्हता. लिमटेक गाव मागं पडल्यावर तात्या म्हणाले, "बाई, आज जे झालं ते माझ्यामुळं झालं."

"असू दे हो. हवा दमट होती. लाकूड फुगलं असेल."

"हवा न्हाय. लांबी." ते खिडकीबाहेर उसाकडे बघत होते. "नाक पयल्या आठवड्यातच बसलं हुतं. मग मी रोज तुमी यायच्या आधी थोडी लांबी लावून ठेवायचो. नख अडावं म्हणून. काल तुमी गेल्यावर उगं आणखी एक हात दिला, नाक नळीत बसतं त्या बाजूला. आता बाई उद्यापासनं येणार न्हाय, हेच डोक्यात. हात जड पडला."

मला तो महिनाभराचा चहा आठवला, भिंतीला टेकलेली माझी पाठ आठवली. सोमवारची केबिनही आठवली.

"नुसतं ये म्हणायचं होतं, तात्या."

"नुसतं ये म्हणल्यावर कोण येतंय? काम असलं की माणूस येतंय."

 समोरच्या सीटवरची बाई पेंगत होती. कंडक्टर मागं कुणाशी तरी सुट्ट्यावरून वाद घालत होता. मी म्हणाले, "पुढच्या वर्षी दोन टप्प्यांचं रॉकेट करायचं म्हणतेय शाळा."

शाळा असलं काहीही म्हणत नव्हती.

तात्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. बहुतेक त्यांना कळलं असावं. पण त्यांनी बोटांवर हिशेब सुरू केला. "दोन टप्पे म्हंजे सांधे दोन तरी. त्याला लई येळ लागंल, बाई. आत्तापासनं धरावं लागंल."

"लागू दे," मी म्हणाले, आणि आमचा थांबा आला म्हणून उठले.