सेवेचे चाळीस तास

समाजसेवेची ओढ माणसात उपजतच असते. ती बाहेर यायला फक्त एक परिपत्रक लागतं.

दुकानांच्या एका मोठ्या साखळीचे मार्केटिंग प्रमुख, ज्यांना हाताखालचे लोक मागून ऑफरराव म्हणत, त्यांची कारकीर्द थोर होती. (सगळ्यांचीच असते, बायोडेटा स्वतः लिहायचा असतो.) खालच्या फळीवर तीन वर्षं धूळ खात पडलेला साबण त्यांनी उचलून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर ठेवला आणि किंमत वाढवली. साबण हातोहात संपला. माल कधीच वाईट नसतो, फळी वाईट असते, हे तेव्हापासून त्यांचं तत्त्वज्ञान.

अशात परिपत्रक आलं : उपाध्यक्ष व्हायचं असेल तर महिनाअखेरपर्यंत चाळीस तास समाजसेवा, फोटोसह. फोटोत लाभार्थी हसरा हवा. (फार हसरा नको, मग सेवेची गरज काय होती, असा प्रश्न उभा राहतो.)

ऑफरराव तडक वृद्धाश्रमात गेले. तिथल्या बाईंनी वही उघडली.

"सोमवारी बँकवाले नखं कापतात. मंगळवारी विमावाले. बुधवारी मोबाइलवाले."

"मग गुरुवारी मी कापतो."

"काय कापता? बोटं?"

"केस विंचरू का?"

"अहो, आजोबांचं टक्कल दोन कंपन्यांनी विंचरून झालंय. म्हातारे एकोणतीस, सेवा करणारे एकशे बारा. नाव लिहून जा, कुणी नवीन आलं की कळवते."

ऑफररावांनी बाजाराची पाहणी केली. मागणी अफाट, निराधारांचा पुरवठा तोकडा. शहरातल्या एकमेव मोकळ्या अंध गृहस्थांना रोज अकरा वेळा रस्ता ओलांडून दिला जाई. (अकरा ही विषम संख्या असल्याने ते संध्याकाळी घराच्या पलीकडच्या फुटपाथवर सापडत.)

शेवटी माल घरातच निघाला. आई. दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, एकाही कंपनीने हात न लावलेली. चौदा महिन्यांत ऑफररावांना तिकडे फिरकता आलं नव्हतं, कारण 'आईसाठी काहीही' ही सवलत योजना तेच राबवत होते.

कंपनीचा टी-शर्ट घालून, फोटोवाल्याला घेऊन ते पोचले.

"आलास होय," आई म्हणाली. "हे कोण, डॉक्टर?"

त्यांनी नखं कापली, जळमटं काढली, चहा केला. शेजारणीच्या तीन आजारांची हकिगत त्यांनी पूर्ण ऐकली आणि 'समुपदेशन, सहा तास' अशी नोंद केली. आई गालातल्या गालात, म्हणजे नियमाप्रमाणे, हसली.

चाळिसावा तास भरला, फॉर्म निघाला आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं : लाभार्थ्याशी नाते. खाली बारीक अक्षरात : नातेवाइकांची सेवा ग्राह्य धरली जाणार नाही.

आईने चष्मा लावला. "काय अडलं?"

"इथे 'नाही' लिहावं लागतंय, आई."

"लिही की. चौदा महिने तसंच चाललंय. कागदावर आज आलं, एवढंच. सही कुठे करू?"

ऑफरराव उपाध्यक्ष झाले.

वाचकांनी त्यांना खुशाल हसावं. आईशी नातं 'नाही' म्हणायला त्या गृहस्थाला निदान आईच्या घरापर्यंत चालत जावं लागलं. तुम्ही ते घरबसल्या उरकता.