उघडं बॉनेट व त्यावरील कार्यवाही

बुधवारी सकाळी साडेअकरा वाजता क्लॅरी ऑटवे, वय वर्षे एकाहत्तर, याने मिंडालोच्या कच्च्या रस्त्यावर गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडलं. गाडीला काहीही झालेलं नव्हतं. ही बाब पुढे कुठल्याच कागदावर आली नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. कुर्राबीच्या पेट्रोलपंपावर घेतलेलं खिमा पॅटिस त्याने चांदीच्या कागदात गुंडाळून इंजिनावर ठेवलं होतं. शंभर किलोमीटर झाले की ते बेताचं गरम होतं. त्या मुलखात निम्मी माणसं दुपारी अशीच जेवतात.

गाडीच्या मागे कॅरव्हॅन होती, म्हणजे चाकांवरचं दीड खोलीचं घर. शनिवारी दुपारी चार वाजता मिंडालोच्या गुरांच्या फार्मवर त्याच्या नातीचं, टॅम्सिनचं लग्न होतं. तिला वडील नव्हते. तिचा हात धरून तिला नवऱ्यामुलापर्यंत चालवत नेणं हे आजोबांचं काम. "आजोबा, तुम्ही नसाल तर मी पाऊल टाकणार नाही," असं तिने फोनवर बजावलं होतं, आणि क्लॅरी तेव्हापासून रोज आरशासमोर सरळ चालण्याचा सराव करत होता. बायको नोरीन आधीच तिकडे पोहोचली होती. उरले होते एकशेऐंशी किलोमीटर आणि सव्वातीन दिवस.

पण त्या मुलखात एक कायदा आहे. तो लिहिलेला नाही, म्हणून सगळे पाळतात. उघडं बॉनेट दिसलं की कुणीही पुढे जायचं नाही. कायदा चांगलाच आहे. शंभर-शंभर किलोमीटर घर नाही, पाणी नाही, आणि ऊन तर असं की विचारू नका. फक्त कायदा झाला तेव्हा त्या रस्त्याने कामाची माणसं जात. आता अख्ख्या खंडातले पेन्शनर कॅरव्हॅन घेऊन फिरतात आणि त्यांना कुठेच वेळेवर पोहोचायचं नसतं.

दोन मिनिटांत पहिली कॅरव्हॅन थांबली. त्यातून मर्व्ह उतरला. हा निवृत्त पोस्टमास्तर.

"काय झालं रे?"

"काही नाही. पॅटिस काढतोय."

मर्व्हने त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पहिल्या दिवशी सगळे असंच म्हणतात, गड्या. माझा मेव्हणाही म्हणायचा."

"मग काय झालं त्याला?"

"गाडी भंगारात गेली." असं म्हणून मर्व्हने पाण्याचा पाइप धरून जोरात हलवला. पाइपची क्लिप तुटली आणि हिरवं पाणी लाल मातीत वाहून गेलं. "बघ! म्हणत नव्हतो मी?"

दुसऱ्या कॅरव्हॅनमधला माणूस म्हणाला, दोष पाइपात नाहीच, पंपात आहे. त्याने पंप काढला. तिसऱ्याने हसून पट्टा काढला. संध्याकाळपर्यंत सहा कॅरव्हॅन थांबल्या आणि इंजिनाचा बराच भाग ताडपत्रीवर आला. पाचच्या ठोक्याला सगळ्यांनी घडीच्या खुर्च्या मांडून थंड बिअर उघडल्या, कारण जग बुडालं तरी पाचची बिअर चुकवायची नसते. क्लॅरी मात्र ताडपत्रीवरचे भाग मोजत राहिला.

"इतकी माणसं, आणि अध्यक्ष नाही?" चौथ्या कॅरव्हॅनमधली ग्वेंडा म्हणाली. तीस वर्षं मुख्याध्यापिका होती ती. दुसरं काय म्हणणार? तिथल्या तिथे समिती झाली. नियम ठरले. सल्ला आगमनाच्या क्रमाने द्यावा. एकाने काढलेला भाग दुसऱ्याने परस्पर बसवू नये. गाडीच्या मालकाला बोलण्याचा हक्क राहील, मताचा राहणार नाही, कारण त्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत.

"अहो, पण मला शनिवारी लग्नाला जायचंय!" क्लॅरी कळवळून म्हणाला.

"म्हणूनच तर म्हणते," ग्वेंडा म्हणाली, "घाईत घेतलेले निर्णय चुकतात."

क्लॅरीने उपग्रह फोन काढून वाहन-मदत कंपनीला लावला. तिथे तो बावीस वर्षं सुवर्ण सभासद होता. पलीकडून गोड आवाज आला, "आपल्या जवळचा चौक सांगाल का?"

"चौक? बाई, इथून चारशे किलोमीटरवर एक आहे."

"त्यातला कोणता कोपरा?"

अर्ध्या तासाने प्रश्न सुटला. कुर्राबीचा मेकॅनिक लीथ शुक्रवारी सकाळी येईल असं ठरलं. क्लॅरी त्या रात्री गाढ झोपला. लीथला तो ओळखत होता. त्या भागातलं बंद पडलेलं काहीही लीथ वीस मिनिटांत चालू करतो.

शुक्रवारी लीथ आला नाही. फोन केला तर तोच आवाज म्हणाला, "सर, आपली तक्रार आम्ही आनंदाने बंद केली आहे. उपग्रहाच्या चित्रात आपल्या ठिकाणी एकोणीस कॅरव्हॅन, दोन तंबू आणि एक वाळत घातलेली चादर दिसते. आमच्या नियमात त्याला वस्ती म्हणतात. आपण आता निराधार नाही. अभिनंदन!"

"अहो, हे सगळे माझ्यामुळेच थांबलेत!"

"मग आपण किती भाग्यवान आहात, सर! सेवेला किती तारे द्याल?"

दुपारी परगण्याच्या कचेरीतला अधिकारी आला. त्याने परवानगीविना कॅरव्हॅन-तळ चालवल्याची नोटीस क्लॅरीच्या हातात ठेवली आणि एक नारिंगी कागद गाडीच्या काचेवर डकवला. त्यावर छापलं होतं, मालक जागेवर नसलेलं वाहन टाकाऊ समजून उचलण्यात येईल. नंतर तो वाकून इंजिनात डोकावला, "बॅटरी पाहिली का?" म्हणाला आणि सल्ल्याच्या रांगेत विसावा नंबर घेऊन बसला.

मग नोरीनचा फोन आला. "अहो, आहात कुठे? इथे मंडपात एक पाहुणा नाही!"

पाहुणे इथेच होते. मिंडालोला जायला तोच एक रस्ता, आणि कायदा सगळ्यांनाच लागू. नवऱ्यामुलाच्या मावश्या समितीसाठी सॉसेज भाजत होत्या.

"तुम्ही हलू नका. मी बॅसिलला गाडी घेऊन पाठवते," नोरीन म्हणाली. बॅसिल म्हणजे नवऱ्यामुलाचा बाप, कामाचा माणूस. तो दोन तासांत येऊन उभा राहिला.

"चल, बैस. त्या कागदाचं मी बघतो. एकच मिनिट हां, हे काय उघडंय ते पाहून घेतो."

अंधार पडेपर्यंत बॅसिल उपाध्यक्ष झाला होता.

शनिवारी क्लॅरी पहाटेच उठला. दाढी केली, कोट चढवला आणि मुकाट्याने चालत निघाला. दोनशे पावलांवर ग्वेंडाने त्याला गाठलं. "मालकच निघून गेला तर हे चाळीस लोक कुणासाठी थांबलेत? काही लाज?" क्लॅरीला खरंच लाज वाटली. भला माणूस होता, तिथेच तर सगळं अडतं. तो परत येऊन खुर्चीवर बसला आणि बॅसिलचं मिनिट संपायची वाट पाहू लागला.

अकराच्या सुमाराला धुरळा उडाला. लीथची व्हॅन! पाठीमागे सगळी हत्यारं, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. क्लॅरी दोन्ही हात हलवत धावला. लीथने ती माणसं पाहिली, खुर्च्या, सॉसेज, रांग पाहिली. त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रिवाजाप्रमाणे रामराम केला आणि निघून गेला.

चार वाजले. साडेचारला फोन वाजला.

"आजोबा," टॅम्सिन म्हणाली. ती रडून थांबलेली होती. "झालं लग्न. लीथ एकटाच पाहुणा आला होता. त्यानेच हात धरून नेलं मला. वाट पाहिली हो तुमची, पण भटजीबाईंना पुढे दुसरं लग्न होतं."

"लीथ थांबला का नाही इथे?" क्लॅरीने विचारलं.

"त्याला वाटलं, इतकी माणसं आहेत, कुणीतरी बघत असेल."

क्लॅरी ताडपत्रीवर मांडलेल्या इंजिनाशेजारी कोटासकट खाली बसला आणि ढसाढसा रडला. समिती हळहळली. मग समिती संतापली. उघडं बॉनेट दिसूनही पुढे जाणाऱ्या माणसाचा निषेध करणारा ठराव ग्वेंडाने मांडला, बॅसिलने अनुमोदन दिलं. माणुसकी उरलेली नाही यावर चाळीस हात वर झाले.

एकेचाळिसावा हात तुमचा. नाही म्हणू नका. लीथ गाडी न थांबवता गेला तेव्हा तुम्हीही मनात त्याला शिवी हासडलीत, आणि पंप काढला त्याच वेळी तुम्हालाही वाटलं होतं की दोष दुसरीकडेच असणार. बसा, खुर्ची आहे. तुमचा नंबर एकेचाळीस.