महाराजांच्या ओठावरची रेघ

एका जंगलात, मुलांनो, एक सिंह होता आणि त्याला वरचा ओठ होता. ओठ सगळ्यांनाच असतो म्हणता? असतो, पण धड बघतं कोण? आत्ता बोट लावून बघा. नाकाखाली छोटीशी पन्हळ आहे. तिच्या दोन्ही काठांना बारीक उंचवटे. खाली ओठाला धनुष्यासारखा बाक. आणि कातडी संपून ओठ सुरू होतो तिथे एक फिकट रेघ. सगळ्या तोंडाची शोभा त्या रेघेवर असते. सापडली? शाबास. आता नाकातलं बोट काढा.

तर या कडकसिंह महाराजांचा सगळा दरारा त्या ओठातच होता. एकदा हाडूक फोडताना तो उभा चिरला, थेट रेघेच्या आरपार. दसऱ्याचा दरबार तोंडावर आलेला.

शिवायला डॉक्टर शिंपीणबाईंना बोलावलं. चोचीने पानं शिवणाऱ्या पाखरांच्या घराण्यातल्या, शिवाय रीतसर शिकलेल्या. त्यांनी ओठ पाहिला आणि शाईची दौत मागितली. प्रधान तरसोबांनी कारण विचारलं.

"बधिर करायची सुई दिली की ओठ सुजतो, रेघ दिसेनाशी होते," बाई म्हणाल्या. "म्हणून आधी चिरेच्या दोन्ही बाजूंना रेघेवर ठिपका देते. पहिला टाका ठिपक्याला ठिपका जुळवून. केसभर चुकलं तरी जन्मभर दिसतं."

तरसोबा हादरले. राजाच्या तोंडाला डाग लावणाऱ्याची मान उडवायची, अशी तिथली जुनी पद्धत होती. बाईंनी परोपरीने विनवलं, पण पद्धत ती पद्धत. ठिपका दिला तर मान आज जाणार, न दिला तर टाके निघतील तेव्हा. बाईंनी दुसरं पसंत केलं.

सुई दिली. ओठ पुरीसारखा फुगला, रेघ गडप झाली. बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि अंदाजाने शिवलं.

टाके निघाले आणि महाराज हसू लागले. म्हणजे ते भयंकर चिडले होते, पण ओठाचं एक टोक वर चढून बसलं होतं. त्यांनी डरकाळी फोडली, तर दरबाराला वाटलं विनोद झाला. हत्तीला तर हसून हसून उचकी लागली. हरणं म्हणाली, असा हसतमुख राजा झाला नाही. महाराजांनी त्यातलं एक हरीण तिथेच खाल्लं, तेही हसत. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाई कोपऱ्यात मान उडण्याची वाट बघत होत्या. तरसोबांनी प्रजेकडे पाहिलं आणि महाराजांच्या कानात काहीतरी सांगितलं.

मान राहिली. वर शाल मिळाली. मग काय, दवाखान्यासमोर ही रांग! अस्वल, रानडुक्कर, माकडं, सगळ्यांना तसाच ओठ हवा. ज्यांना नको होता त्यांना शिपाई घेऊन आले.

शेवटी एक भेकर आलं. त्याचा ओठ खरंच फाटला होता.

"बाई, माझी रेघ सरळ जुळवाल ना?"

बाईंनी दौत उघडली. भेकराच्या तोंडाला शाई लावायला कुणाचीच हरकत नव्हती. फक्त ठिपके कुठे द्यायचे, ते आता तरसोबा सांगत होते.

तात्पर्य : ओठ शिवण्याआधी रेघ नीट आखून घ्यावी. ती राजाच्याच ओठावर चुकली, तर घाबरू नये. बाकीच्या जंगलाचे ओठ दुरुस्त करून घ्यावेत.