पुखराजशेठचा चांदीचा कप

"माझा लोटा कुठाय?" संतोषबाईंनी फडताळ उघडून विचारलं आणि चहा पीत बसलेल्या पुखराजशेठना जोराचा ठसका लागला.

जालन्याच्या मस्तगडात पुखराजशेठचं सिनेमाचं थेटर होतं आणि थेटराच्या मागेच घर. लोटा चांदीचा, संतोषबाईंच्या माहेरचा. त्यांचे वडील बद्रीनाथजी भोकरदनहून लेकीकडे आले की त्याच लोट्यातून पाणी पीत, आणि पिऊन झालं की तो हातात जरासा तोलून बघत. जावयाच्या घरी चांदी झिजत तर नाही ना, एवढीच त्यांची चौकशी असे. आज दुपारच्या मोटारीने ते येणार होते.

"असंल इथंच कुठं तरी," शेठ म्हणाले. "जल्दी काय हाय?"

"बाबूजी येऊन राह्यले, अन् म्हणे जल्दी काय! उठा, हुडकू लागा."

शेठ उठले. ज्वारीच्या पोत्यांमागे, देवांच्या पाटाखाली, आडाच्या बादलीतसुद्धा त्यांनी लोटा शोधला. मधूनमधून "कमाल हाय!" असंही म्हणाले. आता खरी गोष्ट सांगून टाकतो. लोटा कुठे आहे हे त्या घरात फक्त शेठनाच ठाऊक होतं. तो सोनाराकडे होता आणि सोनार त्याला दोन कान डकवत होता.

त्याचं असं झालं होतं. मुंबईत नुकतेच सिनेमावाल्यांच्या बक्षिसांचे समारंभ सुरू झाले होते. पेपरातले त्यांचे फोटो बघून शेठचं डोकं फिरलं. "तिकीट काढून पिच्चर बघणार जालन्याचं पब्लिक, अन् बक्षीस ठरवणार मुंबईवाले? आम्हाला काय डोळे न्हाईत?" माणूस कंजूष होता, पण हे बोलला ते बराबर बोलला. लगेच टांग्यावर भोंगा चढला. "जालन्याच्या पब्लिकचं बक्षीस! अस्सल चांदीचा कप! मुंबईसारखंच जिंकणाऱ्याचं नाव कपावर कोरलेलं राहील!"

थेटराच्या दारात डालड्याचे दोन डबे ठेवले. एक तलवारवाल्या हिरोचा, दुसरा रडणाऱ्या हिरोचा. पिच्चर बघून निघताना आपल्या आवडीच्या डब्यात तिकिटाचा तुकडा टाकायचा. बघता बघता गावात दोन पार्ट्या पडल्या. तलवारवाले रडणाऱ्यांच्या हॉटेलात चहा पिईनात, रडणारे तलवारवाल्या न्हाव्याकडे दाढी करीनात. डबा भरावा म्हणून लोक तोच पिच्चर पुन्हा पुन्हा बघू लागले. सगळं झकास चाललं होतं. राहिला फक्त कप.

चांदीचा कप म्हणजे खर्चा, आणि खर्चा म्हटला की शेठचा हात आखडे. त्यांनी विचार केला, मुंबईचा हिरो काही कप घ्यायला जालन्याला येत नाही. म्हणजे समारंभ झाला की कप परत घरी. कान काढले की झाला लोटा. कुणाच्या बापाचं काय जातंय? संतोषबाईंच्या बापाचं जात होतं, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लोटा सापडेना. घरात बाहेरचं माणूस म्हणाल तर एकच, भांडी घासणाऱ्या सगुणाबाई. अंबडकडच्या एका खेड्यातून आलेल्या, वर्षानुवर्षं त्याच मोरीवर बसलेल्या. शेठनी खरं बोलायला तोंड उघडायची हीच वेळ होती. त्यांनी ते उघडलंही.

"घरात कोण येतं-जातं, त्याचा विचार करा," ते म्हणाले. "तांदूळ चावायला द्या सगळ्यांना."

चोर ओळखायची ही जुनी रीत. कोरडे तांदूळ चावून थुंकायचे. ज्याच्या पोटात पाप, त्याच्या तोंडाला कोरड पडते आणि तांदूळ कोरडेच बाहेर येतात. संतोषबाईंनी चावले, त्यांची लेक मंजू चावली. शेठचं तोंड नुकत्याच प्यालेल्या चहाने आणि वर खाल्लेल्या सुपारीने ओलंगच्च होतं. ते मानाने पास झाले. सगुणाबाईंचा गुरुवारचा निर्जळी उपास, त्यात चोरीचा आळ. त्यांचे तांदूळ कोरडेठाक निघाले.

"बाई, म्या न्हाई घेतला वो," सगुणाबाई म्हणाल्या. "इतके साल घासून राह्यले तो लोटा. न्यायचा असता तर कव्हाच नेला असता."

संतोषबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नको, सगुणाबाई."

सगुणाबाई रडल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला. "जाते. पण चोर म्हणून न्हाई जात. लोटा सापडल, अन् तुम्ही मला बोलवाया माझ्या दारात यासाल. तव्हा बघू."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट मस्तगडभर झाली. ज्या आणखी दोन-तीन घरी त्या भांडी घासत, त्यांनीही दार लावून घेतलं. बद्रीनाथजी पितळेच्या लोट्यातून पाणी प्यायले, तो हातात न तोलताच खाली ठेवला आणि जावयाशी बोलायचे बंद झाले. शेठना रात्री नीट झोप आली नाही. पण समारंभ रविवारवर आलेला. आता सांगणार तरी कसं?

रविवारी दुपारी थेटर गच्च भरलं. डावीकडे तलवारवाले, उजवीकडे रडणारे, आणि कडेला पडद्याआड बायकांचा क्लास. तिथे सगुणाबाई स्वतःचं तिकीट काढून पहिल्या बाकावर येऊन बसल्या. फुटाण्यांची पुडी सोडून निवांत खाऊ लागल्या. शेजारच्या बायका अंग चोरून सरकल्या.

"सरका, सरका. पाय पसराया जागा झाली," सगुणाबाई म्हणाल्या.

स्टेजवर अध्यक्ष मच्छिंद्रराव वकील बसले होते, आणि स्टेजसमोरच्या खुर्चीत अजून लेकीकडेच मुक्कामाला असलेले बद्रीनाथजी. टेबलावर दोन कानांचा कप झेंडूच्या हारात गळ्यापर्यंत बुडाला होता. शेठनी भाषण ठोकलं. मुंबईवाल्यांची हजेरी घेतली, जालन्याच्या पब्लिकला मुजरा केला आणि शेवटी घाम पुसत म्हणाले, "दोन्ही डबे बराबर भरले. म्हणून बक्षीस दोघांना अर्धं अर्धं!"

"अर्धं कशाचं?" डावीकडून आरोळी आली. "भोंग्यावर काय सांगितल्तं? नाव कोरलंय म्हणून! कपावरचं नाव वाचा!"

"वाचा, वाचा!" उजवीकडून बाकं वाजू लागली.

शेठ कपाकडे धावले, पण वकील जवळ होते. त्यांनी हार काढला, चष्मा लावला, कप उजेडाकडे फिरवला आणि कोर्टात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचलं, "सौभाग्यवती संतोषबाई पुखराज हीस, वडील बद्रीनाथ यांजकडून."

लग्नातल्या भांड्यावर नाव घालतात, हे शेठ पार विसरून गेले होते. वर्षानुवर्षं घरात असलेल्या भांड्यावर काय लिहिलंय ते कोण वाचतं?

"ही कोणत्या पिच्चरमधली?" कोणी तरी विचारलं.

"अबे, शेठची बायको हाय ती!"

मग जो गोंधळ उठला, तो थेटराने त्याआधी कोणत्याच पिच्चरला ऐकला नव्हता. तलवारवाले आणि रडणारे गळ्यात गळे घालून ओरडू लागले. "घरच्या घरी बक्षीस! बिलकुल चालणार न्हाई!"

शेठपुढे दोनच वाटा होत्या. लोटा चोरला म्हणायचं, नाही तर बायकोला बक्षीस दिलं म्हणायचं. त्यांनी छाती काढली. "हो, दिलं! माझं थेटर, माझा कप! बायको का माणूस न्हाई?"

तेवढ्यात बायकांचा पडदा बाजूला झाला. हनुवटीपर्यंत घुंघट घेतलेल्या संतोषबाई बाहेर आल्या. भर पुरुषांमधून चालत स्टेजवर चढल्या आणि त्यांनी कप उचलला. इकडून तिकडून पाहिला.

"ह्याला कान कव्हा फुटले, मंजूचे बापू?"

मागचे लोक बाकांवर चढून बघू लागले. शेठ काही बोलणार, इतक्यात सगुणाबाईही वर आल्या. त्यांनी पुडी पुढे केली.

"तांदूळ न्हाईत, शेठजी. फुटाणे हायेत. चावा."

"चावा!" डावीकडून आवाज आला. "चावा!" उजवीकडून आला. शेठनी मूठभर तोंडात टाकले. चावले, पुन्हा चावले. घशाला असली कोरड पडली होती की तोंडात नुसता भुगा फिरत राहिला. शेवटी एकच ठसका आला आणि तो सगळा भुगा वकिलांच्या काळ्या कोटावर जाऊन बसला.

वकिलांनी कोट झटकला. "निकाल लागला," ते म्हणाले.

मग संतोषबाईंनी घुंघट वर केला. भर थेटरात, बद्रीनाथजी समोरच्या खुर्चीत बसलेले असताना वर केला. "माझ्यासंगं आडात लोटा हुडकला ह्या माणसानं. एका गरीब बाईला चोर केलं, तरी तोंडावरची रेघ न्हाई हलली. तुमच्या त्या दोघा हिरोंपैकी कोणी केलंय का असलं काम? सांगा, कप कोणाचा?"

"शेठचा!" दोन्ही पार्ट्या एकमुखाने ओरडल्या. गावात कित्येक दिवसांत झालेलं हे पहिलं एकमत.

"पर मी देणार न्हाई," संतोषबाई म्हणाल्या. "त्या दिवशी म्या पण चुकले. हा सगुणाबाईचा."

वडील काय म्हणतील म्हणून त्यांनी खाली पाहिलं. बद्रीनाथजी उठून उभे राहिले होते. "दे, बेटा. दे," ते म्हणाले. थेटरात टाळ्या पडल्या त्या तेव्हा, आणि बायकांच्या बाजूने आधी पडल्या.

सगुणाबाईंनी उगाच नको-नको केलं नाही. कप काखेत मारला, उरलेले फुटाणे तोंडात टाकले आणि मधल्या वाटेने निघून गेल्या.

पुढे आठवडाभर शेठच्या मोरीवर भांड्यांचा डोंगर साठला. कोणीच बाई यायला तयार होईना. "तुमच्याकडं शेठ वस्तू नेतात अन् नाव आमच्यावर येतं," असं तोंडावर सांगत. अखेर शेठ स्वतः सगुणाबाईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मान खाली घालून म्हणाले, "सगुणाबाई, माझं चुकलं. चला."

सगुणाबाईंनी बसायला पोतं टाकलं आणि पाणी आणून दिलं. लोटा तोच होता, कानांसकट. संतोषबाईंच्या नावाखाली आता ताजं, चकचकीत नाव कोरलं होतं, सगुणाबाई. शेठ घटाघटा पाणी प्यायले आणि नकळत लोटा हातात तोलून बघू लागले.

"येते उद्यापासून," सगुणाबाई म्हणाल्या. "पर शेठजी..."

"काय?"

"जाताना लोटा ठेवून जा."