नाना मुलाकडचे

लालबागच्या चाळीतला म्हातारा म्हटल्यावर तुम्ही डोळ्यांसमोर गिरणी आणली असणार. भोंगा, संप, खोकला. झालंच तर गणपतीत कोपऱ्यात बसून ढोलकी वाजवणारे सुरकुतलेले हात. सॉरी. आमचे नाना बँकेत कारकून होते, तब्येत ठणठणीत आहे आणि ढोलकीचा आवाज आला की ते दार लावून घेतात. त्यांचं वेगळेपण निराळंच. टीव्हीवरच्या सिरियलमध्ये लग्न असलं की नाना इस्त्रीचा शर्ट घालून, कानात अत्तराचा फाया ठेवून येतात. येतात आणि मुलाकडच्या बाजूला बसतात. मावशीच्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलाकडची बाजू म्हणजे फ्रिजला टेकून.

मी मूळचा बार्शीचा. शाळेत हेडमास्तरांच्या आवाजात माइकवरून अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर केली होती, तेव्हापासून हे आवाज काढायचं व्यसन. आता नोकरीसाठी मावशीकडे राहतो. नाना शेजारच्या खोलीत, एकटे. मालतीकाकू गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून साडेसातची सिरियल आमच्याकडे आणि नंतरचं जेवणही आमच्याकडेच.

नानांचं आवडतं वाक्य, ‘मी निषेध नोंदवतो.’ चहात आलं नाही, निषेध. जिन्यातला बल्ब गेला, निषेध. एकदा मावशीने आमटीत गूळ जास्त टाकला तर नाना आधी दोन वाट्या प्यायले आणि मग निषेध नोंदवला.

तर त्या सिरियलमध्ये केतकीचं लग्न मंदारशी ठरलं. मंदार म्हणजे चष्मा, बँकेत नोकरी, आईचं ऐकणारा. हिरो तो नव्हेच. हिरो विराज. दाढी, बुलेट, कामधंदा काय ते अजून दाखवलेलं नाही. पण नानांचा जीव मंदारवर. इतका, की त्यांनी मंदारचं केळवण केलं. थट्टा नाही! स्वतः वडे तळले, कोंबडीचा रस्सा केला, पाटाभोवती रांगोळी काढली. मंदारच्या वतीने जेवायला मी.

“मंदारच्या आवाजात बोल,” नाना म्हणाले, “नायतर वडे मिळायचे नाहीत.”

मीही नाक चोंदल्यासारखा आवाज काढून म्हटलं, “नाना, कशाला एवढा त्रास घेतलात?” नाना असे लाजले, जणू खरोखरच नवरदेव जेवायला आलाय.

आणि मग तो एपिसोड. अंतरपाट धरलेला, शेवटचं मंगलाष्टक, ‘सावधान’ म्हणणार तेवढ्यात बुलेट हॉलमध्ये! थेट हॉलमध्ये हो, वॉचमन काय झोपला होता? केतकीने हार फेकला, शालू उचलला आणि धावत सुटली. अक्षता उलट्या दिशेने उडाल्या, त्या कशा ते दिग्दर्शकाला ठाऊक.

अख्ख्या मजल्यावर जल्लोष. पोरींनी शिट्ट्या मारल्या. मावशी आनंदाने रडली. मोबाइलवर तर लाल बदामांचा नुसता पूर.

“बंद कर तो टीव्ही!” नाना उभे राहिले होते. “टाळ्या कसल्या वाजवताय? तो पोरगा तिथे उभा आहे. हातात हार आहे त्याच्या. कॅमेरा वळवा ना त्याच्याकडे! सगळं जग त्या फटफटीच्या मागे!”

“अहो नाना, प्रेम होतं तिचं,” मावशी डोळे पुसत म्हणाली.

“होतं ना? मग साखरपुड्याला काय झोपली होती? आत त्याची आई आहे, आचारी आहेत, जिलब्या तळून ठेवल्यात. आणि तुम्ही शिट्ट्या मारताय? माणसं आहात की कोण?”

त्यात मी नको ते केलं. मंदारचा आवाज काढून म्हणालो, “नाना, निदान जिलबी तरी घ्या.”

सगळे हसले. नाना हसले नाहीत. निषेधसुद्धा नोंदवला नाही. गेले आणि दार लावून घेतलं.

ते दार मग साडेसातला उघडेना. मावशीने भाजीची वाटी धाडली, ती तशीच परत आली. हाक मारली तर आतून, “जेवलोय.” काय जेवत होते, देव जाणे. तळल्याचा नाही, फोडणीचा नाही, कसला वासच नाही.

मावशीचा माझ्यावर भडका. “काकू गेल्या तेव्हा किती मुश्किलीने या घरात बसतं केलं होतं त्यांना! तुझ्या जिलबीने घालवलंस. आता तूच आण.”

दारातून आणायची हिंमत नव्हती. नानांकडे अजून लँडलाइन आहे, कोण फोन करतंय ते दिसत नाही. मी जिन्यात उभा राहिलो, नंबर लावला आणि नाक चोंदवलं. “नाना, मी मंदार बोलतोय. माझ्यामुळे तुम्ही लोकांशी भांडू नका.”

वाटलं, आता शिव्या येतील. आल्या नाहीत.

“मंदार,” नाना म्हणाले. “मला तुझ्याशी बोलायचंच होतं रे. आमची मालतीसुद्धा अशीच उठून आली होती. मांडवातून. माझ्याबरोबर. हॉलच्या जिन्यात मी एकदा मागे बघितलं. तो हार घेऊन उभा होता. मी मालतीला सांगितलं नाही. कधीच नाही. संसार फार सुखाचा झाला आमचा, म्हणून तर जास्तच... तुझी चूक नव्हती रे काही. मी येऊन बोलायला हवं होतं. नाही आलो. नंतर लग्न झालं का तुझं?”

मला हिंदी पिक्चरचा व्हिलन येतो, बसचा कंडक्टर येतो, मावशी तर झोपेतही येते. पण त्या क्षणी कुठलाच आवाज येईना. नाक खरंच चोंदलं. “झालं हो नाना,” मी कसाबसा म्हणालो. “चांगलं झालं.”

“बरं,” म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साडेसातला नाना दारात. आले, फ्रिजला टेकून बसले. मावशीने ताट वाढलं. अर्धी भाकरी झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

“काय रे मेल्या, माझ्याच जिन्यातून मला फोन करतोस? एका कानाला फोन, दुसऱ्या कानाला तुझा खरा आवाज. बहिरा समजलास?”

मी मान खाली घातली.

“आणि आवाज काढतोस तर नीट काढ. मुळूमुळू रडत होतास फोनवर. तो रडला नव्हता.”

“कोण, मंदार?” मावशी म्हणाली. “रडला की नाना. आठवडाभर रडतोय, अजून चालूच आहे.”

नानांनी तिच्याकडे बघितलंही नाही. “त्याने हार खुर्चीवर ठेवला आणि पंगत बसवली. जेवल्याशिवाय कोणी जायचं नाही म्हणाला. स्वतः वाढत होता, सगळ्यांना, मुलीकडच्यांना पण. मला नंतर कळलं. तसल्या माणसाचा आवाज काढायला बसलास आणि रडतोस? लाज वाटत नाही, मेल्या?”