संत्र्यांचे भाव, तिकडच्या भाषेत

आमच्या लेआउटमधले, म्हणजे वसाहतीतले, देशमुख वारले त्या सकाळी त्यांच्या दारात बरीच माणसं जमली होती. तिरडी बांधून झाली होती. पौनीकर काकाजी आले, चपला बाजूला काढल्या आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "गेले, असं कोण म्हणते?"

मी म्हटलं, "काकाजी, ते समोर ठेवले आहेत."

"ते दिसून राहिलं गा. पण पयले सांगितलं कोणं?"

"डॉक्टरनं."

"आणि अजून?"

"त्यांच्या मुलानं."

"मग ठीक आहे," काकाजी म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन सूत्रं जुळल्याशिवाय पौनीकर काकाजी रडतसुद्धा नाहीत.

काकाजी उमरेडच्या विणकराचे चिरंजीव. बापाचा जन्म मागावर गेला आणि हा मुलगा दिल्लीला जाऊन एक परकी भाषा शिकला. त्या भाषेच्या जोरावर परदेशातल्या आपल्या वकिलातीत लागला आणि निवृत्त होईस्तोवर तिथल्या बातम्या ऐकण्याच्या कचेरीचा प्रमुख झाला. देश कोणता ते मी लिहीत नाही, कारण त्यांनी मला कधी सांगितलं नाही. ते फक्त 'तिकडे' म्हणतात. आम्ही सगळ्यांनी नकाशा पाहून ओळखलंय, पण पुष्टी नाही.

काम असं, की वकिलातीच्या तळघरात कानाला हेडफोन लावून बसायचं. तिकडचा रेडिओ, टीव्ही, सकाळचे पेपर सगळं उपसायचं आणि राजदूत नाश्त्याला बसायच्या आत दोन पानांचा गोषवारा त्यांच्या टेबलावर ठेवायचा. त्यात आपलं मत घालायचं नाही आणि कोण म्हणालं ते गाळायचं नाही. "बातमी म्हणजे म्हणणाऱ्याचं नाव गा," काकाजी मला कितीदा तरी सांगतात. "ते काढलं तं उरते ती अफवा." शिवाय रोज बोलणारा आज गप्प बसला, तर तीसुद्धा बातमी.

ही विद्या घेऊन माणूस नागपुरात परतला आणि ती आमच्या गळ्यात पडली. एकदा सकाळी मला फाटकात गाठून म्हणाले, "आज तुमच्या कुकरची शिट्टी नाही झाली. भांडण झालं काय?" झालं होतं, आणि कडाक्याचं झालं होतं. सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यानंतर आठवडाभर डाळ पातेल्यात शिजवली.

उन्हाळ्यात नळ आटले की लेआउटमधले लोक टँकरची वाट बघतात. काकाजी बातमीची वाट बघतात. "टँकर येणार, असं नगरसेवकाच्या माणसानं म्हटलं. नगरसेवक स्वतः गप्प आहे. म्हणजे येत नाही." आणि तो येत नाही. इतकं खरं बोलणारा माणूस शेजारी असणं हा एक शापच आहे. आशा म्हणून काही उरतच नाही.

सगळ्यात हाल काकूंचे. त्या सुनंदाजवळ गाऱ्हाणं सांगत होत्या ते मी ऐकलंय: "माहं पोट दुखून राहिलं म्हटलं, तं हा माणूस म्हणते, 'पौनीकर बाईंच्या म्हणण्यानुसार पोटात दुखते.' गोळी दे म्हटलं तं गोळी देत नाही वं."

आता सकाळच्या कार्यक्रमाबद्दल सांगतो. आमची आणि त्यांची गॅलरी समोरासमोर. रोज सकाळी काकाजी कठड्यावर फोन ठेवतात, डोळे मिटतात आणि ऐकतात. फोनमधून एक घोगरा आवाज परक्या भाषेत काहीबाही वाचत असतो. ते संपलं की मला बातमी मिळते: "तिकडे डाळिंब उतरलं. कांदा चढला."

बरेच दिवस मी मान डोलावली. एकदा मात्र वैतागून विचारलं, "काकाजी, तिकडच्या कांद्याचं आपल्याले काय करायचं आहे?"

"कांद्याचं काही नाही," ते म्हणाले. "वाचणारा हबीब आहे."

मग त्यांनी सांगितलं. हबीब त्यांच्या कचेरीतला तिकडचाच माणूस, भाषांतरकार. वर्षानुवर्षं शेजारच्या खुर्चीवर बसून दोघांनी एकच रेडिओ ऐकला. मग लढाई शहरापर्यंत आली आणि वकिलात बंद करायचं ठरलं. विमानात जागा फक्त आपल्या लोकांना. राजदूत म्हणाले, दोन हप्त्यांत परत येऊ.

"हबीबचा भाऊ सरहद्दीपलीकडे होता," काकाजी म्हणाले. "जायले गाडी तयार होती. त्यानं मले विचारलं, जाऊ की थांबू? मी म्हणालो, थांब, दोन हप्त्यात आम्ही वापस येऊन राहिलो. 'साहेब म्हणतात' एवढं म्हणालोच नाही गा. आयुष्यभर कचेरीतल्या पोराइले तेच शिकवलं, आणि त्या दिवशी मीच गाळलं. त्याले वाटलं, पौनीकर सांगते म्हणजे पक्कं."

वकिलात पुन्हा उघडलीच नाही. सरहद्द बंद झाली, हबीब शहरात अडकला. फोन करायची सोय नव्हती. परक्या वकिलातीशी संबंध निघाला असता तर त्याच्या जिवावर बेतलं असतं. काकाजींनी नागपुरात बसून इंटरनेटवरून तिकडची सगळी बारीकसारीक रेडिओ केंद्रं ऐकायला सुरुवात केली आणि एका केंद्रावर त्यांना तो आवाज सापडला. नवे राज्यकर्ते बातम्या वाचू देत नव्हते, म्हणून तो बाजारभाव वाचत होता.

"आवाज आला म्हणजे माणूस आहे," काकाजी म्हणाले.

मी म्हटलं, "चला, म्हणजे सुखरूप आहे."

"आज सकाळपर्यंत," ते म्हणाले, आणि आत गेले.

दिवाळीनंतर एका सकाळी फोनमधून वेगळाच आवाज आला. तरुण, घाईघाईचा. दुसऱ्या दिवशीही तोच. मी म्हटलं, सुट्टीवर गेला असेल, घसा बसला असेल. काकाजींनी फोन बंद केला. कोण म्हणते, असंही विचारलं नाही. थोड्या दिवसांनी ते केंद्रच लागेनासं झालं.

त्यानंतर काकाजी साधे झाले, आणि आम्ही घाबरलो. टँकर येणार म्हटलं की ते 'बरं' म्हणायचे. कोणाचं लग्न ठरलं, कोण आजारी पडलं, सगळ्याला 'बरं'. काकू एक दिवस सुनंदाकडे येऊन रडल्या. "आज मी पोट दुखते म्हटलं, तं गोळी आणून देली वं," म्हणाल्या.

आणि मग एका रविवारी काकाजी फोन घेऊन माझ्याकडे आले. "हे उलटं करता येते काय गा? म्हणजे इकडून बोलाचं आणि तिकडे ऐकू जाईन, असं?"

मी करून दिलं. हल्ली कुणीही करतं, त्यात विशेष काही नाही. दुसऱ्या सकाळपासून आमच्या समोरच्या गॅलरीत नागपूरच्या मंडीतले भाव तिकडच्या भाषेत वाचले जाऊ लागले. संत्री, कांदा, भिवापूरची मिरची. हबीबचं नाव कुठेही नाही.

"नाव घेतलं तं त्याले त्रास," काकाजी म्हणाले. "असला तं आवाज ओळखते तो."

तिकडे इंटरनेट चालतं की नाही, देव जाणे. हबीब आहे की नाही, हे तर देवालाही विचारायची हिंमत होत नाही. फोनवर ऐकणाऱ्यांचा आकडा दिसतो. तो शून्य असायचा. काकाजी शून्याकडे बघत मिरचीचे भाव वाचायचे.

एक दिवस मी स्वयंपाकघरात गेलो आणि माझ्या फोनवर त्यांचं केंद्र लावलं. शून्याचा एक झाला. खिडकीतून पाहिलं, तर काकाजी ताठ बसले होते. त्यांनी चष्मा सारखा केला आणि आवाज चढवला. तेव्हापासून मी रोज ऐकतो. नागपूर आणि भिवापूर सोडलं तर एक अक्षर कळत नाही. बंद करता येत नाही, कारण मी बंद केलं की पुन्हा शून्य. सुनंदा म्हणते, ऑफिसला उशीर होतोय. होतो, काय करणार.

मागच्या आठवड्यात मेव्हण्याकडे खापरखेड्याला मुक्कामी जावं लागलं आणि सकाळच्या गडबडीत फोन लावायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी परतलो, तर काकाजी फाटकाशी उभे.

"काल कुठे होता गा?"

"खापरखेड्याले. काहून?"

"काही नाही. काल ऐकणारं कोणी नव्हतं."

मी ओशाळलो. रोजचा तो एक कोण, हे त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं तर. बातम्या ऐकण्यात जन्म गेलेल्या माणसाला मी फसवायला निघालो होतो. मी विचारलं, "मग काल वाचलं नाही काय?"

"वाचलं न," काकाजी म्हणाले. "मी इकडे ऐकून राहिलो होतो, हे हबीबले कुठे मालूम होतं?"