हमीदभाईंचा आगेवाला

भर एप्रिलात, दुपारी साडेबाराला, टेंभुर्णीबाहेरच्या माळावर मी एक माणूस पाहिला. तो हवेला काठी देत होता.

फिरवत नव्हता हो, देत होता. खांद्यावरच्या टॉवेलनं आधी तिचं लोखंडी टोक पुसलं, मग मूठ पुढं करून अदबीनं हात लांबवला. समोर कोणी म्हणजे कोणी नव्हतं. मग काठी हळूच जमिनीवर ठेवून तो तीन पावलं मागं सरला आणि हात मागं बांधून उभा राहिला. जरा वेळानं त्याची मान वर उचलली गेली, डावीकडं वळली आणि लांब कुठंतरी जाऊन थांबली. शेजारी एक पिवळं कुत्रं बसलं होतं. त्याचीही मान तश्शीच फिरली. त्या उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

मी सरकारी मोजणीवाला. राहतो जुन्या जालन्यात आणि जिल्हाभर भावाभावांच्या जमिनी मोजत हिंडतो. डोळ्याला दिसतं तेवढंच मोजायचं, हा आमच्या धंद्याचा नियम. माझा तर टेपवरसुद्धा विश्वास नाही, उन्हात तो लांबतो. आणि माझा अर्जदार नेमका हाच माणूस निघाला. शेख हमीद. वय सत्तरच्या आसपास, डोक्यावर विटलेली टोपी, डाव्या हाताला एकच हातमोजा. तो हातमोजा जेवतानाही निघत नाही, हे पुढं कळलं.

"दोन मिनिट थांबा साहेब," तो कुजबुजला. "मेहमान खेळून राह्यलेत."

"कोण मेहमान?"

"लांबड्या. साडेसहा फूट हाय. जगात दोन नंबर."

मी रिकाम्या माळाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं. उन्हानं डोकं फिरलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत, पण त्यांचे डोळे इतके शांत नसतात.

हमीदभाईंनी तीस वर्षं एका मोठ्या शहरात गोल्फच्या मैदानावर काढली. साहेबलोकांच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर वाहायची आणि कुठल्या माराला कुठली काठी ते सांगायचं, ही नोकरी. म्हातारपणी गावी परतले ते तीन जुन्या काठ्या, तीन बॉल आणि एक प्रश्न घेऊन. टीव्हीवर दिसणारे जगातले नामांकित खेळाडू तिकडं गालिच्यावर खेळतात. त्यांना आपल्या टेंभुर्णीच्या मुरमात उतरवलं तर किती मार लागतील?

उत्तर काढायला त्यांनी सहा एकरांत कुदळीनं नऊ खड्डे घेतले, प्रत्येकात रंगाचा रिकामा डबा पुरला आणि शेजारी बियाण्याच्या पिशवीचा झेंडा रोवला. चांगल्या खेळाडूनं छत्तीस मारांत नऊ डबे संपवावेत, असं ठरवलं. आणि एकेकाला बोलवायला लागले. खेळाडू तिकडं आपापल्या देशात झोपलेला असायचा. हमीदभाई मात्र त्याच्यासोबत अख्खा माळ चालायचे, काठ्या द्यायचे, तारेचं कुंपण उचलून धरायचे. लांबड्या असला तर जरा जास्त उचलायचे.

निकाल एका बियाणे कंपनीच्या कॅलेंडरमागं लिहिलेले. मी ते वाचले आणि खरं सांगतो, हसून हसून पोट दुखलं. लांबड्या, शेहेचाळीस. डावरा, बावन्न, त्यातले चार मार म्हशीमुळं. जगात एक नंबर, एकूणपन्नास.

"एक नंबरवाला एकूणपन्नास?" मी म्हणालो. "काय लावलंय हमीदभाई!"

"पहिला मार तीनशे पावलं जातो की त्याचा. त्यात शक न्हाई. पण बॉल पडल्यावर? पडल्यावर तो खेळत न्हाई साहेब, जमीन खेळती. तिकडं मैदान झाडायला शंभर माणसं हायेत. इथं मी अन् माझी कुदळ. दगडाला लागून बॉल बोरीत गेला. मंग काय करतो? जमीन कोणाला वळखत न्हाई."

हे त्यांचं पालुपद. सरपंच पडो, तलाठी पडो, नाहीतर जगातला एक नंबर पडो, जमीन कोणाला वळखत न्हाई. पण माणूस न्यायाचा. लगेच पुढं म्हणाले, "आठ दिवस ऱ्हाऊ द्या त्याला इथं. चाळीसवर येतो का न्हाई बघा."

फाट्यावरच्या हॉटेलात ते दोन चहा सांगायचे, एक दुधाचा, एक बिनदुधाचा. बिनदुधाचा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं ठेवायचे. एकदा मी बेसावधपणे त्या खुर्चीवर बसलो आणि तो कप उचलून प्यालो. हमीदभाई ताडकन उठले, माझ्या पाठीमागं कोणाकडं तरी पाहून छातीला हात लावला आणि म्हणाले, "माफ करा, सरकारी माणूस हाय." मी मागं वळून पाहिलं नाही. हॉटेलवाला निवांतपणे म्हणाला, "सवय होती साहेब. चार साल झाले, रोज कोणी ना कोणी येतंच."

आता मोजणी कशाची, ते सांगतो. हमीदभाईंचा धाकटा भाऊ रौफ. जुन्या जालन्यात कापडाचं दुकान, आणि स्वभाव असा की गिऱ्हाईक हसलं तरी हा विचार करणार, का हसलं? त्याला वडिलांच्या सहा एकरांतला आपला वाटा हवा होता. वाटा हातात आला की विकून मोकळा होणार होता. हमीदभाईंची त्याला ना नव्हती, मोजणीचा अर्जही त्यांनीच दिला होता. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाजूला घेऊन एकच गोष्ट सांगितली.

"साहेब, कसं बी मोजा. पण हिवर माझ्याकडं ऱ्हायला पाहिजे."

माळाच्या मधोमध एक हिवराचं झाड आहे. काटेरी, वाकडं, सावली जेमतेम दोन माणसांची.

"काय आहे त्या झाडात?"

"नववा डबा हाय तिथं," ते म्हणाले आणि हातमोजा नीट करायला लागले.

दुसऱ्या खेपेला मी त्यांच्याबरोबर अख्खा डाव चाललो. सरकारी कामात असं करू नये, पण कुतूहल फार वाईट. त्या दिवशी डावरा आला होता. दुपार अशी की पाखरू हलत नव्हतं. हमीदभाईंनी काठी दिली, मागं सरले. आणि मी ऐकलं, टक् असा आवाज झाला. उन्हानं दगड तडकतात, हे मला पक्कं माहीत आहे, पंचवीस वर्षं माळावर काढलीत मी. कुत्र्याची मान हवेत कमान करून गेली. दोनशे पावलांवर एक टिटवी ओरडत उठली. आणि हमीदभाई बघत होते ते टिटवीकडं नाही. ते हिवराकडं बघत होते. बघत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "डावीकडं. खड्ड्यात." आणि चालायला लागले.

प्रत्येक माराला हेच. मार झाला की हिवराकडं बघायचं, थांबायचं, मगच बॉल कुठं गेला ते बोलायचं.

"तुम्हाला कोण सांगतं?" मी शेवटी विचारलं.

"आगेवाला."

मोठ्या मैदानावर खेळाडूच्या पुढं दोन-तीनशे पावलांवर एक माणूस उभा करतात म्हणे. बॉल पडला की हात करून जागा दाखवायची, एवढंच त्याचं काम. तो आगेवाला. आमच्यात असाच झेंडीवाला असतो. मोजणीच्या दुसऱ्या टोकाला तो झेंडी धरून उभा नसेल तर माझी दुर्बीण आंधळी.

"कोण आहे तुमचा आगेवाला?"

"हाय की," हमीदभाई म्हणाले आणि काठी पुसायला लागले. पुढं विचारायची माझी छाती झाली नाही. संध्याकाळच्या एस.टी.नं मी गपचूप जालन्याला आलो.

मग वाटणीचा दिवस उजाडला. इकडं रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. पाडणारा लबाडी करत नाही, कारण उचलणारा दुसरा असतो. हमीदभाईंनी वाटे पाडले आणि माझ्या हातातली पेन्सिल थांबली. एका वाट्यात तीन एकर काळी जमीन, बारमाही विहीर, डांबरी रस्ता. दुसऱ्यात तीन एकर निव्वळ दगड आणि ते हिवर.

"अहो, ही काय वाटणी झाली?" मी हळूच म्हणालो. "तुमचे चार डबेही जातात त्यात."

"जाऊ द्या. असंच पाहिजे. तो विहीर उचलंल, बिलकुल उचलंल," ते कुजबुजले. परीक्षेचा पेपर आधीच फुटल्यावर पोरं खूश असतात, तसा तो म्हातारा खूश होता.

पण रौफ पडला कापडवाला. त्यानं विहिरीकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग थोरल्या भावाच्या तोंडाकडं पाहिलं. सोनं पुढं करून माणूस दगड का ठेवून घेतो? काहीतरी आहे खाली. चार वर्षं हा उगीच नाही त्या दगडांत फिरत.

"मला दगडाचा वाटा," रौफ म्हणाला.

हमीदभाई मटकन खाली बसले.

"रौफ, विहीर घे रे. मे महिन्यात बी आटत न्हाई ती."

"न्हाई. दगडच."

"रस्ता हाय, उद्या भाव येईल. दगडात काय करशील तू?"

जितकं ते विनवत होते तितका रौफ ताठ होत होता. शेवटी तो ओरडला, "भाईजान, बराबर सांगा, काय पुरलंय तिथं?"

"पुरलं काही न्हाई," हमीदभाई म्हणाले. "जुबेदा उभी असती तिथं."

माळावर वारासुद्धा नव्हता.

"तुझी भाभी माझी आगेवाली होती रे. माझ्याकडं तीनच बॉल. एक हरपला तरी खेळ बसला. म्हणून मी मारायचो अन् ती हिवराखाली उभी राहून हात करायची. ती गेली. मंग माझा खांदा बी गेला, मारता येईना. आता नुसतंच तिला कसं बोलवू? रिकामं बसायची सवय नव्हती तिला. काम न्हाई म्हटलं तं ती येणारच न्हाई. म्हणून मी मोठमोठे खेळाडू बोलावतो. एवढे नामी लोक आले म्हटल्यावर आगेवाला लागतोच की. मंग येती ती."

इतके दिवस मी त्या कॅलेंडरला हसलो होतो, त्याची लाज वाटली.

रौफनं बराच वेळ रुमालानं मान पुसली. मग तो माझ्यावरच खेकसला, "काय बघून राह्यले साहेब? लिहा ना, विहीर रौफची! दगड घेऊन काय डोक्यात घालू? गंमत केली मी भाईजानची."

मी लिहिलं. पण अजून हद्दीची रेघ धरायची होती. हद्दीचा दगड हिवराला लागूनच, आणि माझा झेंडीवाला कुंभार पिंपळगावला लग्नाला गेला होता. मी काही म्हणायच्या आत रौफनं झेंडी उचलली आणि तो माळ तुडवत निघाला. पिवळं कुत्रं त्याच्यामागं गेलं.

हिवरापाशी पोचल्यावर रौफ थांबला. चाळिशी गाठलेलं ऊन होतं आणि समोर तेवढीच सावली होती. तो सावलीत गेला नाही. दोन पावलं अलीकडं, दगडापाशी, उन्हातच उभा राहिला. खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला, सावलीकडं पाहून मान खाली घातली आणि झेंडी सरळ धरली. कुत्रं मात्र थेट सावलीत गेलं आणि वर बघून शेपूट हलवायला लागलं.

"बराबर उभा हाय," माझ्या शेजारी हमीदभाई म्हणाले. ते रौफबद्दल बोलत होते की नाही, मला माहीत नाही.

मी दुर्बिणीला डोळा लावला. गोलात झेंडी आली, रौफ आला, सावलीची कड आली. यंत्र केसभर डावीकडं वळवलं असतं तर सगळंच दिसलं असतं. नाही वळवलं. बाईमाणूस उभं असताना दुर्बिणीतून टक लावून बघणं बरं दिसत नाही.